दिव्याखालचे हॉप्स

मी आयुष्यात एकदाही बीअर प्यायलेलो नाही. दहावीच्या परीक्षेआधी वडिलांनी शपथ घ्यायला लावली होती, ती मोडायचं धाडस झालं नाही. खरं सांगायचं तर इच्छाही झाली नाही. तरीही हॉप्सच्या चार जाती नुसत्या पानावरून ओळखणारा माणूस परभणी जिल्ह्यात शोधायला निघालात, तर हिंडून हिंडून माझ्याच दारात येऊन थांबाल. ह्या ज्ञानाचा मला पुढं काडीचाही उपयोग झाला नाही. नोकरीत तीस वर्षं मी कापूस, ज्वारी आणि तूर ह्यांच्याच मागं होतो. पण कुणी विचारलं की साळवे, नोकरीतलं काही सांगा, तर आधी तो वेलच आठवतो.

हॉप्स म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आमच्या कृषी खात्यातही निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. बीअर जवापासून करतात. जव भिजवून, मोड आणून, शिजवून जे पाणी निघतं ते गोडमिट्ट असतं. त्याला कडूपणा आणि वास येतो तो हॉप्सच्या फुलांमुळं. फूल बोराएवढं, हिरवट, खवल्याखवल्यांचं. ते चुरगाळलं की आत हळदीसारखी पिवळी पूड दिसते आणि बोटं कडू होतात. सगळी करामत त्या पुडीत. जातीही निरनिराळ्या. आपल्याकडं ज्वारीत भाकरीला मालदांडी आणि हुरड्याला गुळभेंडी, तसं हॉप्सचं आहे. एक जात कडूपणासाठी, दुसरी वासासाठी. आमच्याकडं चार आल्या होत्या: क्लस्टर, ब्रुअर्स गोल्ड, फगल आणि हॅलरटाऊ. पहिल्या दोन कडूपणाच्या, उरलेल्या दोन वासाच्या.

त्या परभणीला कशा आल्या, तर औरंगाबादेकडं तेव्हा बीअरचे कारखाने निघत होते आणि हॉप्स फार लांबून आणावे लागत. त्यातल्या एका कारखानदाराच्या डोक्यात आलं की हा वेल मराठवाड्यातच का लावू नये. आमचे अधिकारी नाईकसाहेब हौशी माणूस. त्यांनी लगेच हो म्हटलं. हिमाचलातून मुळ्यांचे तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेनं आले, आणि मानवत रस्त्यावरच्या आमच्या सरकारी प्रक्षेत्रावर विहिरीजवळच्या तुकड्यात ते लावायचं ठरलं. जुने सहायक म्हणाले, दारूचा वेल आम्हाला नको. मी नवा होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती. त्यामुळं तो माझ्या गळ्यात पडला.

"साळवे, हा प्लॉट जगला पाहिजे," नाईकसाहेब म्हणाले. "तुमच्या कायम होण्याचा कागद मी ह्याच्यावरच लिहिणार."

ते हसत बोलले, पण मी काही ते हसण्यावारी नेलं नाही. अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आमच्या गावच्या वस्तीवर काय झालं ते इथं सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की त्यानंतर वडील पुन्हा गावात राहिले नाहीत. पूर्णेला मामा रेल्वेत होते, त्यांच्या क्वार्टरमागच्या खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो. ही नोकरी गेली तर परत जायला जागा नव्हती.

वेलाचं काम कुणालाच येत नव्हतं. म्हणून साहेबांनी मानवतच्या अलीकडच्या एका गावातून मसाजीबांना रोजंदारीवर आणलं. ते पानमळेवाले. खायच्या पानाचा वीस गुंठ्यांचा मळा, तीन पिढ्यांचा. तो धाकट्या भावाच्या हवाली करून ते रोज एसटीनं यायचे. साठीला आलेला, काटक, कमी बोलणारा माणूस. वेलाला हात लावायचे तो असा, की बघत राहावं.

ज्यांनी पानमळा बघितला नाही त्यांना त्याची रीत ठाऊक नसेल. पानमळा म्हणजे देवघर. चपला बांधावर काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. बायांना मज्जाव. आणि आमच्यासारख्यांना तर बांधावरही मज्जाव. पानवेलाला विटाळ खपत नाही, तो जळून जातो, अशी पक्की समजूत. मसाजीबांनी पहिल्याच दिवशी हॉप्सच्या तुकड्याला तीच रीत लावली. चपला काढल्या, हात जोडले, मग माझ्याकडं वळून म्हणाले,

"साळवेसाहेब, तुमी आत येऊ नका. काय सांगायचं ते हितूनच सांगा. वेल लय हळवा हाय."

"कामून?" मी विचारलं.

"आता ते काय तुमाला सांगायचं?"

त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. पाणी सकाळी द्यावं, दुपारी देऊ नये, हे सांगावं तशा सुरात सांगितलं. राग आला तो त्याचाच. मी बूट न काढता आत गेलो आणि प्रत्येक रोपाला लेबल बांधून बाहेर आलो. ते बांधावर बसून बघत होते. "मंग मी जिम्मेदार न्हाई," एवढंच म्हणाले. मी ऑफिसकडं वळल्यावर त्यांनी लिंबाच्या डहाळीनं गोमूत्र शिंपडलं. मला ते गयाबाईनं सांगितलं.

गयाबाई आमच्या बायामजुरांची मुकादम. तिच्या जिभेला लगाम नव्हता. मळ्यात बायांना बंदी म्हटल्यावर ती मसाजीबांना म्हणाली, "मळ्यात बाई नको, पर घरी पानं निवडायला, मोजायला, करंडीत लावायला बाईच लागती की वो. तवा न्हाई वाटत इटाळ?" मसाजीबांनी तिकडं लक्ष दिलं नाही. पण पुढं मी सगळ्यांना सांगितलं की ह्या वेलात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फुलांची किंमत ती मादीलाच, आणि नर दिसला की तो उपटून टाकायचा. गयाबाईला तर काय, सणच झाला. "मंग ह्या मळ्यात मसाजीबालाच बंदी पायजे," ती म्हणाली. त्या दिवशी मसाजीबाही हसले, तोंड फिरवून का होईना.

माणूस कसबी होता, हे मान्य केलं पाहिजे. फुटवे निघाल्यावर आम्ही वालाचे वेल चढवावेत तसे ते सुतळीला गुंडाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे सुटून लोंबत होते. पुन्हा गुंडाळले, पुन्हा सुटले. तीन दिवस हाच खेळ. चौथ्या दिवशी मसाजीबा दुपारभर एका शेंड्यासमोर उकिडवे बसून राहिले. संध्याकाळी म्हणाले, "ह्यो वालाच्या उलटा फिरतोय. त्याला त्याच्या वळणानं जाऊ द्या." तसं केल्यावर एकही वेल सुटला नाही. हॉप्स घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि वाल त्याच्या उलट, हे मला शेतकी कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते मी मसाजीबांकडून शिकलो. त्यांच्यापासून चार हात लांब उभं राहून शिकलो, पण शिकलो.

मग जून उजाडला आणि वेल थांबले. सुतळी चौदा फूट, आणि वेल गुडघ्याला लागून उभा. पानं हिरवीगार, रोग नाही, कीड नाही, पण वाढच नाही. शेंड्याला मुगाएवढी चार फुलं धरली आणि संपलं. खत घालून बघितलं, काळ्या मातीत वाळू मिसळून बघितली. ब्रुअर्स गोल्ड त्यातल्या त्यात मांडीपर्यंत गेली. हॅलरटाऊ तर रुसून बसल्यासारखी जमिनीलाच टेकलेली.

मसाजीबा कुणाजवळ जाऊन काही बोलले नाहीत. पण कुणी विचारलं तर खरं ते सांगायचे, म्हणजे त्यांना जे खरं वाटायचं ते. "पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," म्हणायचे. आठवड्याभरात ते रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. साळवेच्या पायानं वेल बसला. लोक माझ्यासमोर बोलत नसत, मी गेलो की कप खाली ठेवत. शेवटी नाईकसाहेबांनी बोलावलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले,

"मी असलं काही मानत नाही, तुम्हाला माहीतच आहे. पण साळवे, तुम्ही आत जरा कमी गेलात तर काय बिघडतं?"

मसाजीबांच्या बोलण्यानं जेवढं लागलं नव्हतं तेवढं ह्या वाक्यानं लागलं. मसाजीबा निदान मानत तरी होते.

पंधरा दिवस मी परभणीत जिथं जिथं शेतीची पुस्तकं होती तिथं जाऊन बसलो. शेवटी एका जुन्या इंग्रजी पुस्तकात दोन परिच्छेद सापडले. हॉप्सचा वेल दिवस मोजतो. त्याच्या मुलखात उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास उजेड असतो, तोवर तो नुसता वर चढत राहतो. दिवस लहान व्हायला लागला की त्याला कळतं, आता फुलायची वेळ झाली. आपल्याकडं दिवस वाढून वाढून तेरा तासांचा. वेलाला पहिल्या दिवसापासूनच वाटत होतं की हंगाम सरला, आता घाईनं फुलून मोकळं व्हावं. ते वाचल्यावर मी तिथंच बाकावर डोकं टेकून बसलो. ग्रंथपालानं येऊन विचारलं, बरं वाटत नाही का.

पुढच्या हंगामाला मी साहेबांकडं एकच गोष्ट मागितली. आठ ओळींपैकी चार ओळींवर बल्ब लावायचे आणि ते दिवस मावळल्यापासून रात्री नऊ-साडेनऊपर्यंत जळू द्यायचे. साहेब हो-ना करत तयार झाले. मग मी मसाजीबांकडं गेलो.

"मसाजीबा, अंधाराच्या चार ओळी तुमच्या. तुमची सगळी रीत पाळा. मी पाऊल ठेवणार नाही, बाई पाऊल ठेवणार नाही. दिव्याच्या ओळी माझ्या आणि गयाबाईच्या. पाणी तेवढंच, खत तेवढंच."

ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले. "पैज लावायलाय का?" म्हणाले.

"पैज नाही. मला बघायचंय."

"बगा," ते म्हणाले.

आमच्याकडची वीज म्हणजे काय ते सांगायला नको. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळीच जायची. एक दिवस जरी अंधार झाला तरी वेल फुलावर जाईल ह्या धास्तीनं मी मानवतच्या मंडपवाल्याकडून लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्त्या भाड्यानं आणल्या. वीज गेली की मी आणि गयाबाई त्या पेटवून ओळीत टांगत असू. रस्त्यानं जाणारे बैलगाडीवाले थांबून विचारायचे, कुणाचं लगीन हाय म्हणून. गयाबाई सांगायची, "वेलाचं. नवऱ्या तेवढ्या हाईत, नवरा उपटून टाकलाय." मलाही हसू यायचं, पण नजर बत्त्यांवरून हलायची नाही. हे फसलं तर माझ्या पायाला कायमचा शिक्का बसणार होता, आणि तो एकट्या माझ्या पायाला नसता.

एप्रिलअखेरपर्यंत काही फरक नव्हता. मेमध्ये दिव्याच्या ओळी निघाल्या. रोज चार बोटं. ब्रुअर्स गोल्ड सगळ्यांच्या पुढं, मागून क्लस्टर, आणि रुसलेली हॅलरटाऊसुद्धा. जूनच्या शेवटी पहिला शेंडा चौदा फुटांवरच्या तारेला लागला. शेजारच्या मसाजीबांच्या चार ओळी, धुतल्यासारख्या स्वच्छ, गोमूत्र शिंपडलेल्या, गुडघ्याएवढ्याच उभ्या होत्या. मग मी दिवे बंद केले आणि ऑगस्टात फुलं आली. मूठ मूठ, लहानच, पण खरी फुलं. गयाबाईनं एक चुरगाळून हुंगलं आणि म्हणाली, असला कडू वास पिणाऱ्यांना आवडतो तर त्यांचं डोकं तपासा.

मसाजीबा दोन्हीकडच्या ओळींच्या मधल्या सरीत उभे राहिले. वर बघितलं, खाली बघितलं. मी वाट बघत होतो. वर्षभर ज्या वाक्याची वाट बघितली ते आता येईल असं वाटलं.

"लाइटीनं झालं," ते म्हणाले.

"म्हणजे विटाळानं अडलं नव्हतं."

त्यांनी शांतपणे मान हलवली. "इटाळ पानवेलाला असतो, साहेब. ह्याला न्हाई. ह्यो परका वेल हाय."

आणि ते चपला घालून एसटीला निघून गेले. मला हसावं की दगड मारावा ते कळेना. गयाबाई म्हणाली, "जाऊ द्या वो. आर्धं तरी आलं न्हवं वाटंवर?"

प्रयोग तसा फसलाच. कारखान्याची माणसं आली, त्यांनी फुलं हुंगली, हॅलरटाऊचा वास चांगला उतरलाय म्हणाली, आणि दिवे लावून पिकवलेला हॉप्स परवडणार नाही असं सांगून चहा पिऊन गेली. ते बरोबरच होतं. पुढच्या उन्हाळ्यात वेल उपटले आणि तिथं लिंबं लावली. नाईकसाहेबांनी अहवालात लिहिलं की पीक ह्या भागास अनुकूल नाही, नोंदी उत्कृष्ट. मी कायम झालो. वडिलांनी मामाच्या क्वार्टरमध्ये पेढे वाटले, आणि कशाबद्दल ते मात्र नीट सांगितलं नाही, कारण बीअरचं नाव त्यांना घ्यायचं नव्हतं.

मधे बरीच वर्षं गेली. माझी बदली मानवतला झाली. एका पावसाळ्याच्या अखेरीस मसाजीबा ऑफिसात आले. पार वाकलेले. ओल्या फडक्यात पानवेलाचे चार तुकडे, पिवळे पडलेले, बुडाशी काळे.

"मळा जायलाय, साहेब," ते म्हणाले. "रोज धा-पाच वेल बसायलेत. तुमी बगा."

ती मर होती. पानमळ्यातला सगळ्यात वाईट रोग. मूळ कुजतं आणि आठवड्यात वेल जातो. मी म्हटलं, जमीन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी तुकडे परत फडक्यात गुंडाळले, मग "चला" म्हणाले.

ते दिवस कसले होते तेही सांगायला हवं. नामांतराचा विषय पुन्हा तापला होता. ऑफिसात लोक घोळक्यानं बोलत आणि मी आलो की पावसावर येत. मी रोज ते गिळून घरी जात होतो. त्या मनानं मी त्यांच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.

मळा खरोखर सुंदर होता. शेवरी आणि पांगाऱ्यावर चढलेले वेल, आत गारवा, हिरवा अंधार. मसाजीबांनी चपला काढल्या. मीही काढल्या. ते बाजूला सरकले, वाट करून दिली आणि म्हणाले,

"या आत, साहेब."

मला वाटतं, हे शब्द बोलायला त्यांना सगळं आयुष्य लागलं असेल. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो,

"नको मसाजीबा. तुमचा वेल हळवा हाय."

त्यांचा चेहरा बदलला नाही. ते आत गेले, तीन ठिकाणची माती आणि मुळं ओंजळीत घेऊन बाहेर आले आणि माझ्यासमोर धरली. मी बांधावर उभ्याउभ्या सांगितलं: पाणी तोडा, चर काढा, मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण बुडाशी ओता. पुस्तकात आहे ते सगळं बरोबर सांगितलं. परतताना एसटीत मला फार हलकं वाटत होतं. बऱ्याच वर्षांनी इतकं बरं वाटलं होतं.

मी सांगितलेलं त्यांनी सगळं केलं. तरी मळा चार महिन्यांत गेला.

पुढच्या साली, नामविस्तार झाला त्याच साली, कपाशीवरची कीड बघत मी त्या गावात गेलो. मसाजीबा बांधावर बसले होते. पानमळ्याच्या जागी कपाशी उभी होती. शेवरी-पांगारा तोडून नेलेले. मी सवयीनं चपला काढायला लागलो.

"असू द्या की साहेब," ते म्हणाले. "कपाशीला काय नसतं. कुनीबी जावं."

पण मी तोवर काढल्या होत्या. अनवाणीच आत गेलो. पंधरा-वीस पावलं गेलो असेन, खालच्या कोपऱ्याकडं, आणि पाय घोट्यापर्यंत चिखलात गेला. आठ दिवस पाऊस नव्हता. शेत कोरडं होतं आणि तेवढाच कोपरा ओला. कपाशीची झाडंही तिथं पिवळी होती. मी बसून हातानं माती उकरली. विहिरीवरून शेजाऱ्याच्या शेतात जाणारा जुना सिमेंटचा पाइप तिथं खाली सांध्यात फुटला होता आणि पाणी आतल्या आत झिरपत होतं. मर तिथून वर चढली होती. रोज पाणी पिणाऱ्या मळ्यात हा ओलावा मसाजीबांना नेहमीचाच वाटला असणार. वर कितीही पाणी तोडलं असतं तरी खालून ते येतच राहिलं असतं.

माझे हात चिखलानं भरलेले बघून मसाजीबा काठी टेकत आले.

"काय हो साहेब?"

खोटं बोलता आलं असतं. पाइप आत्ताच फुटला म्हणता आलं असतं.

"पाइप फुटलाय," मी म्हणालो. "लय दिवसांचा. मळ्याची मर हितूनच होती."

ते त्या डबक्याकडं बघत राहिले. मग माझ्या पायांकडं बघितलं.

"तवा आत आला असता तर पानी पायाला लागलं असतं."

"हो."

"म्या बोलावलं होतं की."

"हो मसाजीबा," मी म्हणालो. "बोलावलं होतं तुम्ही."

पाटाच्या पाण्यानं मी पाय धुतले. त्यांनी माझ्या चपला उचलून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या.